पेणची माती, रोह्याचे पाणी आणि आभाळातले विमान

आमच्या रोह्याला मे महिन्यात पाहुण्यांनी येऊ नये, असे आई नेहमी म्हणावयाची. आणि मे महिना उजाडला की पाहुण्यांना पत्रे घालावयाची. घामाने माणूस भिजून जातो खरा, पण आंबेही त्याच दिवसांत पिकतात, त्याला कोण काय करणार? यंदाच्या मे महिन्यात मी माहेरी गेले, ती मात्र आंब्यांसाठी नव्हे. दादाचा फोन आला होता. "तू मास्तरीण आहेस. तुझं तो ऐकेल. येऊन त्याला चार शब्द सांग."

'तो' म्हणजे माझा भाचा. वय एकवीस. बारावीनंतर सर्वांनी अभियांत्रिकीचे अर्ज भरले, तेव्हा हा पठ्ठ्या आय.टी.आय.मध्ये मशिनिस्टच्या वर्गात जाऊन बसला. दोन वर्षे तेथे काढली, एक वर्ष इकडे तिकडे केले, आणि आता पुण्याकडच्या एका कारखान्याचे पत्र त्याच्या हाती आले होते. विमानाचे सुटे भाग करणारा कारखाना. त्यात शिकाऊ कामगार म्हणून त्याला घेतले होते. विद्यावेतन म्हणजे खानावळीचे आणि खोलीचे भागेल एवढेच. होकार सोमवारपर्यंत कळवावयाचा होता, आणि आज शुक्रवार होता. दादाचे म्हणणे, अजूनही वेळ गेलेली नाही, लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात १९८९ पासून उभे आहे. तेथे नाहीतर दुसरीकडे कोठे तरी प्रवेश घ्यावा, संगणकाची पदवी घ्यावी आणि चार माणसांसारखे खुर्चीवर बसावे.

खरे सांगावयाचे तर मी दादाच्याच बाजूची होते. तीन वर्षांपूर्वी भाच्याने आय.टी.आय.चा अर्ज दाखविला, तेव्हा मीच म्हणाले होते, "अरे, आपल्या घरात आजवर कोणी हाताला काळं लागू दिलेलं नाही." तो काही बोलला नाही. नुसता आपल्या हातांकडे पाहत राहिला. ते पाहणे माझ्या मनात कोठे तरी रुतून बसले होते.

शुक्रवारी कॉलेजची सुट्टी साधून मी दिव्याहून रोह्याच्या गाडीत बसले. या गाडीला वेग नाही, पण स्वभाव आहे. तळोजे गेले, पनवेल आले. पनवेलच्या आसपास डब्यातल्या साऱ्या माना एकदम खिडकीबाहेर वळल्या. आमच्या डोक्यावरून एक विमान इतके खालून गेले की त्याची चाके मोजता यावीत. नवी मुंबईच्या नव्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. त्यासाठी दहा गावे उठली, उलव्याची टेकडी भुईसपाट झाली, नदीला आपले पात्र बदलावे लागले. जुन्या कुलाबा जिल्ह्याला १९८१ साली रायगड हे नाव मिळाले, त्यानंतर या भागाचा एवढा कायापालट दुसऱ्या कशाने झाला असेल असे वाटत नाही.

समोरच्या बाकावर दोन मुली एक रंगीत पत्रक वाचीत होत्या. 'विमानतळावर नोकरी! सहा महिन्यांत!' असे त्यावर ठळक अक्षरांत छापले होते, आणि चाकांची बॅग ओढीत हसणाऱ्या एका सुंदरीचे चित्र होते. मी ते पत्रक मागून घेतले आणि मास्तरी सवयीप्रमाणे शेवटपर्यंत वाचले. तिकीट तपासणारी मुलगी त्यात होती, सरबत देणारी होती. विमान दुरुस्त करणारा माणूस मात्र कोठेच नव्हता. वास्तविक परवानाधारक अभियंत्याची सही झाल्यावाचून दुरुस्तीला आलेले विमान पुन्हा आकाशात जाऊ शकत नाही. ती सही करण्याचा अधिकार मिळावयाला परीक्षा द्याव्या लागतात आणि प्रत्यक्ष कामाची कित्येक वर्षे घालवावी लागतात. सहा महिन्यांत तेथे कोणी पोहोचत नाही. पत्रक छापणाऱ्यालाही हे ठाऊक असावे. म्हणून तर त्याने त्या माणसाला वगळले असेल.

रसायनी, आपटे, जिते अशी स्थानके मागे टाकून मी हमरापूरला उतरले. भाचा तेथे एका गणपतीच्या कारखान्यात काम करीत होता, आणि त्याला सोबत घेऊनच पुढे जावयाचे असे दादाशी ठरले होते.

पेणचा गणपती कोणाला सांगावयाला नको. पेण शहर, हमरापूर, जोहे, जिते, कळवे या भागांत घराघरांतून बाप्पा घडतात. आपण त्यांना भाद्रपदात पाहतो, तेव्हा ते शेला-पितांबर नेसून, दागिने घालून आलेले असतात. मे महिन्यात पाहावे, तर शेकडो पांढऱ्या मूर्ती फळ्यांवर ओळीने बसलेल्या. रंग नाही, डोळे नाहीत, सारेजण जणू आंघोळीला नंबर लावून बसले आहेत. ज्यांना बोटीने परदेशी जावयाचे, त्यांची घाई अधिक. आवारात काथ्याचे ढीग, रबरी साचे, कालवलेली माती आणि रेडिओवर गाणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लास्टरच्या मूर्तींविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हापासून शाडू की प्लास्टर हा वाद येथल्या प्रत्येक ओटीवर चालू आहे. पण मी गेले ती त्या वादासाठी नव्हे, म्हणून तो तेथेच ठेवते.

भाचा आतल्या खोलीत संगणकासमोर बसला होता. पडद्यावर एक गणपती गरगर फिरत होता. प्रकार असा की, जुन्या कारागिराने हाताने केलेली मूळ मूर्ती एका यंत्राने चहूबाजूंनी टिपून घ्यावयाची. तिचे लाखो बिंदू संगणकात जातात आणि तेथे तिची हुबेहूब आकृती उभी राहते. मग ती हवी तेवढी लहान करा, मोठी करा. दुसरे यंत्र हलक्या फोमच्या ठोकळ्यातून तशीच मूर्ती कोरून काढते. फूटभराच्या मूर्तीवरून पाच फुटी मूर्ती करावयाला पूर्वी कारागिराचे बरेच दिवस जात. आता ते काम किती तरी लवकर होते. भाच्याला मालकांनी या कामावर ठेवले होते.

"काका, झालं का बघा," त्याने हाक मारली.

एक वृद्ध कारागीर आत आले. साच्यांच्या कामात त्यांचे आयुष्य गेलेले. फोमची मूर्ती समोर होती. काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले, आणि मूर्तीच्या तोंडावरून अंगठा फिरविला. सोंडेच्या डाव्या बाजूला तो थांबला.

"इथं बाप्पाचा गाल भरलाय. माझ्या मूर्तीला तो दबलेला होता."

भाच्याने पडद्यावर शोधले आणि कपाळावर हात मारला. सोंडेच्या आडोशाला यंत्राची नजर पोहोचली नव्हती. तेथे आकृतीला एक भोक पडले होते, आणि संगणकाने ते आजूबाजूचे पाहून आपल्या मनाने बुजवून टाकले होते. पडद्यावर सारे गुळगुळीत दिसत होते; इतके गुळगुळीत की चूक आहे ही शंकाच येऊ नये.

"असू दे रे," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून समजावून सांगावे तसे म्हणाले, "मूर्ती चुकली तर एक गणपती चुकतो, ताई. साचा चुकला तर हजार चुकतात."

हे वाक्य मी त्या दिवशी आणखी दोनदा ऐकणार होते, आणि तेही गणपतीच्या संबंधात नव्हे.

हमरापूरहून आम्ही पुढची गाडी धरली. पेण स्टेशनात पोह्या-पापडांच्या पिशव्या घेऊन माणसे चढली. याच पेण तालुक्यातल्या गागोद्याला ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा जन्मले. गणितावर प्रेम करणारा, अनेक भाषा शिकलेला हा माणूस रोज सूत काततही असे, दळीतही असे. बुद्धी एकीकडे आणि हात दुसरीकडे ही वाटणी त्यांनी कधी मान्य केली नाही. दरवर्षी वर्गात मी हे तळमळीने शिकविते. आणि घरी भाच्याला काय सांगितले? मी खिडकीबाहेर पाहू लागले.

कासू गेल्यावर भाचाच बोलू लागला. "आत्या, तुला पहिल्या वेळची गोष्ट बाबांनी सांगितली नसेल." ती खरोखरच मला ठाऊक नव्हती. आय.टी.आय. संपल्यावर लगेच त्याने अशाच एका कारखान्याची परीक्षा दिली होती. लेखी परीक्षा उत्तम झाली. संगणकावर यंत्र चालवून दाखवावयाचे होते, तेही झाले. मग एका पोक्त फोरमनने त्याच्या हाती लोखंडाचा एक तुकडा, कानस आणि मायक्रोमीटर दिला आणि म्हणाला, "हा सपाट करून दाखव, आणि किती जाड राहिला ते सांग." अर्ध्या तासाने याचा तुकडा मधोमध फुगलेला, आणि तीन वेळा मोजले तर तीन आकडे!

"अरे, मग दोन वर्षं शिकलास काय?" मी म्हणाले.

"नवीन यंत्र आलं होतं गं आमच्याकडे. पण ते चालवायला शिकवणारी जागाच भरलेली नव्हती. वर्षभर त्याच्यावर प्लास्टिकची चादर होती. आम्ही पडद्यावर त्याचं चित्र चालवायचो. चित्रात हत्यार कधी मोडत नाही आणि लोखंड कधी तापत नाही."

ही एकट्या त्याची कथा नव्हे. यंत्रे विकत मिळतात, त्यांचा उद्घाटनसोहळाही होतो. शिकविणारा हात मात्र बाजारात मिळत नाही. जुने कारागीर निवृत्त होऊन घरी बसतात, त्यांच्या बोटांतले ज्ञान कोणी लिहून घेतलेले नसते, आणि नवी मुले पडद्यावर पटाईत होऊन धातूपुढे बावरतात. विमानाच्या धंद्यात तर हे अंतर फार महाग पडते. भाचा सांगू लागला आणि मी, मराठीची एम.ए., विद्यार्थ्यासारखी ऐकू लागले.

एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एकाला मायक्रॉन म्हणतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. विमानाच्या कित्येक भागांना दहा मायक्रॉनांचीही चूक चालत नाही. शंभर मिलिमीटर लांबीचा पोलादी तुकडा एका अंशाने तापला की मायक्रॉनभर वाढतो. ॲल्युमिनियमचा त्याच्या दुप्पट. म्हणून मोजण्याची खोली वीस अंश तपमानावर ठेवतात, आणि हातात बराच वेळ धरलेला तुकडा लगेच मोजीत नाहीत. याचे तीन वेळचे तीन आकडे आले, ते त्याच्या घामेजलेल्या मुठीमुळेच! टिटॅनियम हा धातू तर अधिकच मानी. तो कापताना होणारी उष्णता कातळीबरोबर निघून जात नाही, हत्याराच्या टोकाशीच साचते; हत्यार केव्हा मोडेल याचा नेम नाही. मुरलेला कामगार आवाजावरून ते ओळखतो.

"संगणकाला आवाज कळत नाही का?" मी विचारले.

"आता कळायला लागलाय. यंत्राला कान बसवतात. पण कुठला आवाज वाईट, हे त्याला आधी कोणीतरी सांगावं लागतं ना!"

नागोठण्याचे कारखाने दिसू लागले, तेव्हा तो परदेशच्या दोन गोष्टी सांगत होता. पहिली युरोपातल्या एअरबस कंपनीच्या ए-३८० या दुमजली विमानाची. त्यात सुमारे पाचशे तीस किलोमीटर लांबीच्या विजेच्या तारा असतात. जर्मनीतल्या मंडळींनी तारांचे आराखडे एका संगणक-प्रणालीच्या जुन्या आवृत्तीवर केले, फ्रान्समध्ये नवी आवृत्ती होती. दोहोंचे हिशेब जुळले नाहीत, आणि प्रत्यक्ष विमानात बसवू गेले तेव्हा तारा तोकड्या पडल्या. २००६ साली हा घोटाळा जगजाहीर झाला, विमाने कितीतरी उशिरा मिळाली आणि कंपनीच्या मोठमोठ्या अधिकाऱ्यांना खुर्च्या सोडाव्या लागल्या. दुसरी गोष्ट अलीकडची. ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग विमानाचा, दरवाजाच्या जागी बसविलेला एक तुकडा सुमारे सोळा हजार फुटांवर उडून गेला. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. चौकशीत निघाले काय? तो तुकडा धरून ठेवणारे चार बोल्ट कारखान्यातच परत बसविले गेले नव्हते, आणि तो उघडला होता याची नोंदही कोणी केलेली नव्हती. कामगारांना पुरेसे शिक्षण आणि नीट सूचना दिल्या गेल्या नव्हत्या, असा ठपका तपास यंत्रणेने ठेवला.

"चार बोल्ट, आत्या! आणि एक नोंद." तो म्हणाला. "काका म्हणतात तेच. साचा चुकला तर हजार चुकतात."

"आणि दुसऱ्यांदा तू पास कसा झालास?"

तो हसला. "काकांनी केला. सहा महिने त्यांनी मला संगणकाला हात लावू दिला नाही दुपारनंतर. सकाळी यंत्र, दुपारी साचे घासायचे. डोळे मिटून. पोलीस पेपर, पाणी आणि बोट. मी चिडायचो. पण परीक्षेत तुकडा हातात दिला ना, तेव्हा कुठे फुगलाय ते बघावं लागलं नाही."

रोहे आले. येथून कोकण रेल्वे सुरू होते. ती जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण खुली झाली तेव्हा मी शाळकरी होते, आणि आमच्या स्टेशनातून आता माणूस थेट गोव्याला जाणार म्हणून आम्ही पोरे उगाचच नाचलो होतो. घरी वहिनीने आंब्याचा रस काढून ठेवला होता. दादा माझ्याकडे अर्थपूर्ण पाहत होता; 'बोललीस का?' असे विचारीत होता. मी 'संध्याकाळी' अशी खूण केली आणि भाच्याला घेऊन नदीवर गेले.

कुंडलिकेचे एक वैशिष्ट्य आहे. कोकणातल्या इतर नद्या मे महिन्यात दगडगोटे दाखवीत पडून असतात. आमची कुंडलिका तेव्हाही वाहते. घाटावर मुळशीला साठविलेले पाणी डोंगरातून खाली भिऱ्याला येते, तेथल्या टाटांच्या वीजघराची टर्बाइने फिरविते आणि मग नदीत उतरते. हे वीजघर १९२७ पासून चालू आहे. त्या धरणाखाली ज्यांच्या जमिनी गेल्या त्या मावळ्यांसाठी सेनापती बापट लढले, तेही विसरून चालणार नाही. पण आज संध्याकाळी पाण्यात पाय सोडून बसलेल्या आम्हांला त्या पाण्याचा गारवाच सुखाचा वाटत होता.

"विमानाचं इंजिन म्हणजे भिरेच की," भाचा म्हणाला. "तिथे पाणी पाती फिरवतं, इथे पेटलेला वायू." फरक एवढाच की तो वायू दीड हजार अंशांच्याही वर तापलेला असतो, आणि पाते ज्या निकेलच्या मिश्रधातूचे, तो धातू त्याआधीच वितळावयाचा! मग पाते टिकते कसे? त्याच्या पोटात बारीक वाटा ठेवलेल्या असतात, त्यांतून थंड हवा खेळविली जाते. आणि असले पाते ओततात कसे? आधी मेणाचे पाते करतात. त्यावर चिनी मातीसारख्या लगद्याचे थर चढवितात, ते वाळवून भाजतात. मेण वितळून निघून जाते आणि त्या पोकळीत धातू ओततात.

मी ताडकन उठून बसले. कारण ही कृती मला ठाऊक होती! कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराचा 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ आम्हां मराठीच्या मंडळींना परिचयाचा, कारण जुन्या मराठीच्या खुणा शोधताना त्याचे नाव घ्यावे लागते. त्याच ग्रंथात धातूची मूर्ती ओतण्याची रीत आली आहे: मेणाची मूर्ती, वर मातीचे लेप, मेण काढून टाकणे, रस ओतणे. मेणाला तेथे 'मधूच्छिष्ट' म्हटले आहे, म्हणजे मधमाशांनी मध घेऊन उरलेले उष्टे. परीक्षेत गुण मिळविण्यासाठी मी हे पाठ केले होते. ती रीत आज विमानाच्या इंजिनात जिवंत आहे, हे मला कुंडलिकेच्या काठी एका एकवीस वर्षांच्या मुलाने सांगितले.

मात्र येथे एक सावधगिरीची सूचना. आपल्याकडे असे काही कानी पडले की लगेच 'आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते' म्हणून छाती फुगविण्याची रीत आहे. मूर्ती ओतणे निराळे आणि पाते ओतणे निराळे. लढाऊ विमानासाठी 'कावेरी' नावाचे स्वतःचे इंजिन करण्याचे काम आपण १९८९ साली हाती घेतले. तरीही आपल्या 'तेजस' विमानात परदेशी इंजिनच बसवावे लागले. मधमाशांचे उष्टे आपल्याजवळ होते. ते पुढे नेणारे हात मात्र आपण कारखान्याबाहेर, जातीपातींच्या आणि कमीपणाच्या कुंपणात ठेवले. ओतारी, लोहार, कुंभार यांच्या पोरांना शाळा नव्हती, आणि शाळा शिकलेल्यांच्या पोरांना भट्टी नव्हती.

तथापि निराश होण्याचेही कारण नाही. नाशिकजवळच्या ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथून नव्या तेजसने उड्डाण केले. वालचंदनगरला, साखरेच्या गावात, अग्निबाणांच्या मोटारींची आवरणे तयार होतात. विक्रोळीच्या गोदरेजने बनविलेली इंजिने चांद्रयानाच्या अग्निबाणात होती, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते यान चंद्रावर उतरले तेव्हा आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या. त्याच गोदरेजने आमच्याच जिल्ह्यात खालापूरला या कामासाठी नवे केंद्र उभारण्याचे जाहीर केले आहे. टाळ्या वाजविताना त्या इंजिनाला कानस लावणारा हात कोणाचा, असा विचार माझ्या मनात आला नव्हता.

रात्री जेवणे झाल्यावर ओटीवर बैठक बसली. दादाने सुरुवात केली. तो धाटावच्या वसाहतीत एका रसायनाच्या कारखान्यात जन्मभर कारकून होता, हे येथे सांगितले पाहिजे. तो रागाने बोलत नव्हता, अनुभवाने बोलत होता.

"तुम्ही चंद्राच्या गोष्टी करा. मी हजेरीपट वीस वर्षं लिहिले आहेत. कंत्राटी म्हणून लागलेली पोरं कंत्राटीच म्हातारी झाली. दर अकरा महिन्यांनी नवा कागद. बोट गेलं तर बोट गेलं. कामगार म्हणजे काय, ते तुला विद्यापीठात कळायचं नाही. शिकाऊ म्हणतात, वर्षाने नमस्कार म्हणाले, तर?"

याला उत्तर नव्हते. माझ्याजवळ नव्हते आणि भाच्याजवळही नव्हते. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे; पण शिकविल्यानंतर कामावर ठेवलेच पाहिजे असे बंधन मालकावर सरसकट नाही. कौशल्याला मान द्या असे भाषणात म्हणणे सोपे. त्याला पगार आणि स्थैर्य कोण देणार, हे दादा विचारीत होता, आणि तो बरोबर विचारीत होता. नव्या मुलांनी यंत्रांकडे पाठ फिरविण्याचे अर्धे कारण आमच्यासारख्यांची नाके मुरडणे हे आहे, आणि उरलेले अर्धे दादाच्या हजेरीपटात आहे.

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग भाचा आत गेला आणि रुमालात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आला. परीक्षेत घासलेला तो लोखंडाचा तुकडा फोरमनने त्याला ठेवावयाला दिला होता. "बाबा, यावरून बोट फिरवा."

दादाने फिरविले. मग चष्मा लावून पुन्हा फिरविले.

"हा तू हाताने केलास?"

"हो."

"यंत्राने नाही?"

"यंत्र चुकलं तर कळायला पाहिजे ना, बाबा. साचा चुकला तर—"

"कळलं, कळलं," दादा म्हणाला. पण तुकडा त्याने परत दिला नाही. बोट फिरवीतच राहिला.

तेव्हा मी बोलले. ज्यासाठी आले होते त्याच्या नेमके उलट बोलले. म्हणाले, "दादा, तीन वर्षांपूर्वी मी याला एक वाक्य बोलले होते. ते मागे घेते. याला जाऊ दे. तुझी भीती खोटी नाही; म्हणून वर्षभराचा खोलीभाड्याचा भार मी उचलते. शिकाऊपण संपून काम नाही मिळालं, तर पदवी कुठे पळून जात नाही. हात मात्र याच वयात तयार होतो." भाच्यालाही बजावले की, प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवावयाचे, रात्री इंग्रजी वाचावयाचे आणि जे शिकशील ते वहीत मराठीत लिहून काढावयाचे. काकांच्या बोटांतले कोणी लिहिले नाही. तुझ्या बोटांतले तरी लिहिलेले असू दे.

दादाने होय म्हटले नाही, नाही म्हटले नाही. सकाळी उठून पाहते तो, स्वारी टेबलाशी बसून पुण्याच्या एस.टी.चे वेळापत्रक उतरवून घेत होती.

रविवारी मी परत निघाले. गाडीला अवकाश होता, म्हणून सहज चिंतामणराव देशमुखांची आठवण झाली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव बालपणी आमच्याच रोह्यात वाढले. आकड्यांत जन्म घालविलेल्या या माणसाने कालिदासाच्या 'मेघदूता'चे मराठीत भाषांतर केले. विमान नव्हते, फुगा नव्हता. पण मेघाच्या पाठीवर बसून कालिदासाने रामगिरीपासून अलकेपर्यंतची भूमी वरून पाहिली. आभाळातून पाहण्याची हौस आपल्याला जुनीच आहे. त्यासाठी जमिनीवर बसून कानस धरावी लागते, एवढे आपण मधल्या काळात विसरलो.

भाचा जूनमध्ये गेला. त्याची पत्रे येत नाहीत, हल्लीची मुले पत्रे लिहीत नाहीत. पण मधून मधून एखादे छायाचित्र येते. मागच्या आठवड्यात एक आले. भिंतीवर एक फळा, त्यावर प्रत्येक पाना-पक्कडीची बाह्याकृती काढलेली, आणि प्रत्येक हत्यार आपापल्या आकृतीत टांगलेले. दिवस संपताना एक जरी आकृती रिकामी दिसली, तरी हत्यार सापडेपर्यंत कोणी घरी जावयाचे नाही, असा तेथला नियम. न जाणो, ते एखाद्या विमानाच्या पोटात राहिले असेल! खाली त्याने लिहिले होते, 'काकांना दाखव.'

गणपतीच्या आधी मी मुद्दाम हमरापूरला उतरून काकांना ते दाखविले. त्यांच्या हातात कुंचला होता आणि ते डोळ्यांची आखणी करीत होते. त्यांनी चित्र बराच वेळ निरखले आणि म्हणाले, "चांगली जागा आहे. हत्यारं मोजतात."

या दिवाळीला तो चार दिवस घरी येणार आहे. वहिनीने चकल्यांची भाजणी आतापासून दळून ठेवली आहे. आणि दादाने काय केले असेल? तो लोखंडाचा तुकडा ओटीवरच्या कपाटात, चिंतामणरावांच्या तसबिरीशेजारी ठेवला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवितो आणि म्हणतो, "जरा बोट फिरवून बघा."